करोडपतीचा खेळ चालतो कसा?

रात्रीची जेवणे उरकली, जनावरांना वैरण टाकून झाली, की गावातल्या बऱ्याच घरांत मंडळी दूरचित्रवाणी संचासमोर बसतात. पडद्यावर एखादा साधासुधा माणूस उंच खुर्चीत बसलेला असतो. समोर अमिताभ बच्चन, आणि एका उत्तरावर २५ लाख किंवा ५० लाख रुपये अवलंबून! घरातले शाळकरी पोर उत्तर ओरडून सांगते, आजोबा त्याला गप्प करतात, आणि उत्तर पोराचेच बरोबर निघते. हा अनुभव पुष्कळांच्या घरचा आहे.

कृषी विस्ताराच्या कामासाठी निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांत फिरताना आम्हांला पिकांवरच्या रोगकिडींबरोबर या खेळाविषयीही विचारले जाते. यात प्रवेश कसा मिळतो? एवढा पैसा देतो कोण? सांगितलेली सगळी रक्कम हाती पडते का? आणि मोबाईलवर ‘तुम्हांला २५ लाखांची लॉटरी लागली’ असा निरोप आला, तर तो खरा मानायचा का? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अशा निरोपांच्या नादी लागून गाठीची पुंजी गमावलेली माणसे आहेत. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, हा खेळ मुळापासून समजून घेऊ या. तो कळला म्हणजे बघण्याची गोडी वाढेल आणि त्याच्या नावाने होणारी फसवणूकही चटकन ओळखता येईल.

खेळ आला कोठून?

हा खेळ मूळचा ब्रिटनचा. ४ सप्टेंबर १९९८ रोजी तो तेथील आयटीव्ही या वाहिनीवर सुरू झाला. ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर’ असे त्याचे नाव, आणि सर्वांत मोठे बक्षीस १० लाख पौंड. त्याच साच्यावर अनेक देशांनी आपापले खेळ बेतले. आपल्याकडे ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला. पुढे २०१० पासून तो सोनी वाहिनीवर आला. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे १ कोटी जिंकणारे देशातले पहिले स्पर्धक ठरले. तेव्हा ते प्रशासकीय सेवेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. जेथे हा खेळ जन्मला त्या ब्रिटनला आपला पहिला दशलक्षाधीश मिळाला तो त्यानंतर महिनाभराने.

मराठीत हा खेळ २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ या नावाने आला. सूत्रधार होते सचिन खेडेकर. २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’ झाला, तो नागराज मंजुळे यांनी चालवला.

त्याच २०१९ मध्ये हिंदी खेळात अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी १ कोटी रुपये जिंकले. त्या शाळेत पोषण आहार शिजवत. साडेचारशे मुलांची खिचडी करायची आणि महिन्याला मानधन दीड हजार रुपये! त्यांच्या यशाने गावोगावच्या बायामाणसांना हुरूप आला. ताडेताईंनी शेवटच्या पायरीवर काय केले, ते पुढे पाहू. कारण या खेळाचे खरे मर्म तेथेच आहे.

खुर्चीपर्यंतची वाट

प्रथम वाहिनी नोंदणी जाहीर करते आणि पडद्यावर सोपे प्रश्न विचारते. त्यांची उत्तरे लोक पूर्वी टेलिफोनवरून, नंतर मोबाईलच्या संदेशाने आणि अलीकडे ॲपवरून पाठवतात. उत्तर बरोबर देणारे लाखो असतात, म्हणून त्यांतून काही नावे संगणक निवडतो. निवडलेल्यांना फोन करून आणखी प्रश्न विचारतात. त्यातून तरलेल्यांची प्रत्यक्ष चाचणी आणि मुलाखत होते. त्यानंतर मोजकी माणसे चित्रीकरणासाठी बोलावली जातात.

तेथेही थेट खुर्ची मिळत नाही. साधारणपणे दहा स्पर्धक गोलाकार बसतात आणि त्यांना क्रम लावण्याचा प्रश्न येतो. उदाहरणार्थ, ‘पुणे, धुळे, कोल्हापूर, नाशिक ही शहरे उत्तरेकडून दक्षिणेकडे लावा.’ धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर असा बिनचूक क्रम जो सर्वांत कमी वेळात लावेल, तो खुर्चीवर. येथे माहितीइतकाच हाताचा वेगही लागतो. कित्येक हुशार माणसे याच टप्प्यावरून परत जातात.

पायऱ्या आणि पडाव

आता मुख्य खेळ. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि एकच बरोबर. बक्षिसाचे आकडे पर्वागणिक थोडे बदलतात. आपण २०१९ मधली पायरी घेऊ, कारण तीच रचना पुष्कळ वर्षे होती. पहिला प्रश्न १ हजाराचा. मग २, ३, ५ आणि १० हजार. पुढे २०, ४०, ८० हजार, १ लाख ६० हजार, ३ लाख २० हजार, ६ लाख ४० हजार, साडेबारा लाख, २५ लाख, ५० लाख, आणि पंधरावा प्रश्न १ कोटीचा. त्यानंतर सोळावा ७ कोटींचा.

यात पाचव्या आणि दहाव्या प्रश्नावर पडाव असतो. पाचवा प्रश्न सुटला की १० हजार पक्के, दहावा सुटला की ३ लाख २० हजार पक्के. त्यापुढे उत्तर चुकले तर माणूस शेवटच्या पडावावर येऊन पडतो. म्हणजे ५० लाख कमावून १ कोटीचे उत्तर चुकले, तर घरी ३ लाख २० हजारच जातात.

मात्र उत्तर पक्के करण्याआधी कधीही ‘मी थांबतो’ म्हणता येते, आणि थांबणाऱ्याला तोवर जिंकलेली सगळी रक्कम मिळते. म्हणून सूत्रधार पुन्हा पुन्हा विचारतो, ‘लॉक किया जाए?’ एकदा होय म्हटले की माघार नाही. सौदा पट्टीवर चढला की भाव बदलत नाही, तसेच हे.

अशा खेळांत लबाडीही झालेली आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात अशा खेळांत काही आवडत्या स्पर्धकांना उत्तरे आधीच शिकवली जात. चार्ल्स व्हॅन डोरेन या गाजलेल्या विजेत्याने १९५९ मध्ये तेथील संसदीय समितीपुढे तशी कबुली दिली, आणि १९६० मध्ये अशा लबाडीविरुद्ध कायदा झाला. ब्रिटनमध्ये २००१ मध्ये चार्ल्स इनग्रॅम नावाच्या लष्करी मेजराने १० लाख पौंड जिंकले, पण आपल्या संधीची वाट पाहणाऱ्या स्पर्धकांत बसलेला साथीदार बरोबर पर्यायाला खोकून इशारा देत होता. २००३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. पैसे त्याला मिळाले नाहीत.

थांबावे की पुढे जावे?

पडद्यावरचा प्रश्न ज्ञानाचा असतो, पण स्पर्धकाच्या मनातला प्रश्न वेगळाच असतो: थांबू की पुढे जाऊ? हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवलेल्या प्रत्येक घरात तो दर आठवड्याला निघतो. लासलगावला आज भाव बरा आहे, विकावा का? की महिनाभर थांबावे? थांबलो आणि भाव चढला तर फायदा; उतरला, किंवा चाळीत कांदा सडला, तर हातचेही जाते.

खुर्चीवरचा हिशोब कागदावर मांडता येतो. दहावा प्रश्न सुटला, हाती ३ लाख २० हजार आले, आणि ते पक्केही आहेत. मग अकराव्याचे उत्तर चुकले तरी काही जात नाही. तेव्हा अकरावा प्रश्न माहीत नसला तरी उत्तर द्यावेच. पाचव्यानंतर सहाव्याचेही तसेच.

बाराव्याला मात्र चित्र पालटते. हाती ६ लाख ४० हजार आहेत. बरोबर आले तर ६ लाख १० हजारांची भर, चुकले तर ३ लाख २० हजारांची घट. चारही पर्याय सारखेच अंधारात असतील, तर चारांत एकदाच बरोबर येणार. सरासरीने हा तोट्याचा सौदा. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत असे कळत असेल, तर संधी निम्मी होते आणि पुढे जाणे फायद्याचे ठरते. पंधराव्या प्रश्नाला मिळवायचे ५० लाख असतात आणि गमवायचे ४६ लाख ८० हजार. तेथे निम्म्या खात्रीवरही हिशोब जेमतेम जुळतो.

आता ताडेताईंची पायरी. हाती १ कोटी, पुढचा प्रश्न ७ कोटींचा, चुकले तर ३ लाख २० हजार. कोरा हिशोब काय सांगतो? समजा, उत्तर माहीत नसलेल्या चौघांनी डोळे मिटून वेगवेगळा पर्याय निवडला. एकाला ७ कोटी मिळतील, तिघांना प्रत्येकी ३ लाख २० हजार. चौघांची सरासरी प्रत्येकी सुमारे १ कोटी ७७ लाख येते, म्हणजे हातातल्या १ कोटीपेक्षा जास्तच! मग ताडेताई थांबल्या ते चुकले का?

मुळीच नाही. सरासरी ही शंभर वेळा खेळणाऱ्यासाठी असते. खुर्ची आयुष्यात एकदाच मिळते. त्या चौघांतल्या तिघांच्या घरी १ कोटी आले असते, ते जवळजवळ सगळे गेले असते. दीड हजारांच्या मानधनावर राबणाऱ्या बाईच्या घराला पहिला १ कोटी जेवढा मोलाचा, तेवढे पुढचे ६ कोटी नव्हेत. उत्तराची खात्री नाही म्हणून त्या थांबल्या, आणि १ कोटी घेऊन घरी आल्या.

शेतीत आपल्याला एक सोय आहे, ती खुर्चीवर नाही. निम्मा कांदा आज विकून निम्मा ठेवता येतो. द्राक्षाचा सगळा बाग एका दिवशी एकाच व्यापाऱ्याला द्यावा लागत नाही. जोखीम वाटून घेता येते. खुर्चीवर सगळे एका उत्तरावर असते. म्हणून ही सोय हाती असताना सगळे एका डावावर लावणे शेतकऱ्याला शोभत नाही.

मदतीचे मार्ग

अडल्यावर स्पर्धकाला मदत घेता येते. सुरुवातीच्या पर्वात तीन मार्ग होते: दोन चुकीचे पर्याय काढून टाकणे, ओळखीच्या माणसाला फोन करणे आणि प्रेक्षकांचा कौल घेणे. पुढे तज्ज्ञाला विचारणे, प्रश्नच बदलून घेणे असे मार्ग आले. प्रत्येक मार्ग एकदाच.

यांत सर्वांत भरवशाचा कोणता? जेम्स सुरोविकी या अमेरिकन लेखकाने २००४ मधल्या पुस्तकात त्यांच्याकडच्या खेळाचा दाखला दिला आहे. फोनवरच्या जाणकारांची उत्तरे सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर आली, तर प्रेक्षकांचा कौल ९१ टक्के वेळा! मात्र प्रेक्षकांचा कौल बहुधा सुरुवातीच्या, सोप्या प्रश्नांना घेतला जातो, हे ध्यानात ठेवावे. सर्वांच्या पाहण्यातली गोष्ट असेल तर गर्दीला विचारावे, बारकाईची असेल तर त्या विषयातल्या माणसाला. बागेवर रोग पडल्यावर पारावरच्या बहुमताने औषध फवारू नये, ते यासाठीच.

आणि अवघड-सोपे तरी कोणी ठरवायचे? ‘युरियात नत्र किती टक्के असते: १८, २६, ४६ की ६०?’ असा प्रश्न आला, तर शहरातला पदवीधर अडखळेल. आपल्याकडे गोणी वाचणारे पोर ४६ सांगेल. १८ टक्के नत्र डीएपीत असते, हेही सांगेल. रोजच्या वापरातल्या वस्तू नीट वाचणे हाही अभ्यासच आहे.

पैसा देतो कोण, हाती येतो किती?

बक्षिसाचा पैसा कोणाच्या पदरचा दानधर्म नाही. खेळ कोट्यवधी लोक पाहतात, म्हणून कंपन्या त्याच्या मधल्या वेळेसाठी मोठा दर देऊन जाहिराती करतात आणि प्रायोजक होतात. त्या उत्पन्नातून बक्षिसे जातात. ब्रिटनमध्ये सुरुवातीला प्रवेशासाठी येणाऱ्या महागड्या फोन कॉलचे उत्पन्नही बक्षिसांच्या कामी येई. शिवाय १ कोटीपर्यंत पोहोचणारे थोडेच असतात. बहुतेक जण काही लाखांवर थांबतात किंवा पडतात.

आता हाती किती येते ते पाहू. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून आपल्या घरांत या कराची फारशी ओळख नसते. खेळातल्या बक्षिसाला मात्र सरळ ३० टक्के कर आहे. करमुक्त मर्यादेचा लाभ नाही, विमा किंवा बचतीची वजावटही नाही. बक्षीस १० हजारांवर गेले की देणारा हा कर कापूनच उरलेली रक्कम देतो. अधिभार आणि उपकर विजेत्याने विवरणपत्र भरताना द्यायचा. दुसरे करपात्र उत्पन्न नाही असे धरले, तर सध्याच्या दराने १ कोटीचा हिशोब असा:

कर ३० टक्के: ३० लाख रुपये.
त्यावर अधिभार १० टक्के: ३ लाख रुपये.
दोन्हींच्या बेरजेवर उपकर ४ टक्के: १ लाख ३२ हजार रुपये.
एकूण ३४ लाख ३२ हजार. हाती उरले ६५ लाख ६८ हजार रुपये.

३ लाख २० हजारांवर अधिभार नाही. कर व उपकर मिळून ९९ हजार ८४० रुपये जातात आणि २ लाख २० हजार १६० उरतात. तेव्हा पडद्यावरचा आकडा ऐकून कर्जफेडीचे, विहिरीचे आणि लग्नाचे बेत आखणाऱ्याने आधी एक तृतीयांश रक्कम बाजूला काढून ठेवावी.

जिंकल्यानंतर

बिहारमधील मोतिहारीचे सुशील कुमार यांनी २०११ मध्ये ५ कोटी जिंकले. रोजगार हमीच्या कामावर ते संगणक चालवत आणि महिन्याला ६ हजार रुपये मिळवत. नऊ वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिले की जिंकल्यानंतरची वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत वाईट होती. मदत मागणाऱ्यांची रीघ लागली, देणग्यांच्या नावाखाली लोकांनी फसवले, व्यसने जडली, घरातले नाते ताणले गेले. पुढे ते सावरले, झाडे लावण्याच्या कामात रमले आणि २०२३ मध्ये शिक्षक भरतीची परीक्षा उत्तीर्ण झाले.

एकरकमी पैसा फक्त खेळातच येतो असे नाही. जमीन रस्त्यात गेली की मोबदला येतो, एखाद्या वर्षी द्राक्षाला उच्चांकी भाव मिळतो. तेव्हा प्रथम कर आणि कर्ज, मग काही काळ पैसा बँकेत मुदत ठेवीत, आणि घरातल्या सर्वांनी, घरच्या लक्ष्मीसह, बसून विचार केल्यावरच मोठा खर्च, हा क्रम बरा.

लॉटरीचा निरोप खोटाच

आता मोबाईलवरच्या निरोपाकडे वळू. त्यात अमिताभ बच्चन यांचे छायाचित्र असते, वाहिनीचे चिन्ह असते, ‘तुमच्या नंबराला २५ लाखांची लॉटरी लागली’ असे लिहिलेले असते. कित्येकदा नंबर +९२ ने सुरू होतो. तो भारताचा नव्हे, पाकिस्तानचा क्रमांक. फोन केला की गोड बोलणारा माणूस आधी प्रक्रियेचे काही हजार मागतो, मग जीएसटीचे, मग आयकराचे. पैसे भरले की नवे कारण निघते.

वर जे पाहिले त्यावरून हा निरोप तपासून पाहा. या खेळात लॉटरी नाहीच. नोंदणी, चाचणी, क्रम लावणे आणि खुर्चीवर बसून उत्तरे देणे यावाचून कोणाला एवढे मोठे बक्षीस मिळत नाही. तुम्ही खुर्चीवर बसलाच नाहीत, मग २५ लाख कसले? दुसरे, आयकर बक्षिसातूनच कापला जातो. कर आधी भरा मग बक्षीस देतो, असे म्हणणारा भामटाच. खाते क्रमांक, ओटीपी, आधार कार्डाचे छायाचित्र त्याला देऊ नका. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. म्हातारी माणसे आणि एकट्या राहणाऱ्या बायका यांना हे आवर्जून समजावून सांगा.

घरचा खेळ

खुर्चीपर्यंत पोहोचणारे थोडेच; पण घरी खेळायला नोंदणी लागत नाही. एक शंभर पानी वही करा. कार्यक्रमातला जो प्रश्न घरात कोणालाच आला नाही तो मुलांकडून लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना विचारून उत्तर त्यापुढे लिहायला सांगा. त्या बदल्यात मुलांनी एक प्रश्न शेतीचा आणावा: आपल्या जमिनीचा सामू किती, ठिबकची नळी ताशी किती लिटर पाणी देते, फवारणीनंतर किती दिवसांनी द्राक्ष तोडावे. आजीने ओव्यांतले शब्द विचारावेत, आजोबांनी नक्षत्रे विचारावीत. पावसाळा सरेपर्यंत वही भरेल. ती भरली की दुसरी आणा.